पुढे म्हणजे कुठे

दादा, पंखा बंद पडला हे सगळ्यांत आधी तुला कळलं. दिवे गेले तेव्हा आपल्या गटातली माणसं हसत होती. थोड्याच वेळापूर्वी गाइडबाईनं मुद्दाम दिवे घालवून खाणीतला अंधार कसा असतो ते दाखवलं होतं, त्यामुळे हा त्याच खेळाचा दुसरा भाग आहे असं सगळ्यांना वाटलं. कुणीतरी मांजराचा आवाज काढला. तू मात्र माझं मनगट धरलंस आणि हळूच म्हणालास, "रम्या, मोटार थांबली."

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. तुझं वय, तुझं दुकान, तुझा आजार, शेवटी जवळ कोण होतं, हे सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून झालं आहे. ते इथे पुन्हा लिहायचं नाही. मला तुझ्याशी त्या खाणीबद्दल बोलायचं आहे. त्या दिवशी खाली जे झालं त्यातलं निम्मं मला तू असताना माहीत नव्हतं. आता कळलं आहे, तर ते घेऊन भांडायला तू नाहीस.

खरं म्हणजे तू येणारच नव्हतास. प्राचीनं ऑफिसात कुणाकडून तरी ऐकलं की गोदावरीच्या पलीकडे कोळशाची एक जुनी, बंद झालेली खाण आता लोकांना बघायला उघडली आहे. हैदराबादहून सकाळी बस निघते, खाण दाखवते, परत आणून सोडते. तिचे आजोबा, म्हणजे आपले अण्णा, कधीकाळी खाणीत होते एवढंच तुझ्या लेकीला ठाऊक. तिनं तिकिटं काढली आणि फोन तुझ्यापुढे धरला.

"बाबा, सरप्राइज आहे तुमच्यासाठी."

तू चष्मा वर करून ते चित्र पाहिलंस. हेल्मेट घातलेलं एक कुटुंब कोळशाच्या डब्याशेजारी दात काढून उभं होतं. "लोकं आता तिथं फिरायला जातात काय?" एवढंच म्हणालास आणि अंबरपेठच्या त्या तुमच्या छोट्या बाल्कनीत जाऊन उभा राहिलास. वहिनीनं गुडघ्यांचं कारण सांगून अंग काढून घेतलं. तुझ्या मागे बाल्कनीत मी आलो आणि म्हणालो, "चल. एकदा डोळ्यांनी बघून टाकू." माझ्या मनात काय होतं ते तुला कळलं होतं. आपलं जन्माचं भांडण मला तिथे जाऊन मिटवायचं होतं, आणि माझ्या बाजूनं.

अण्णा उदगीरकडचे. भावाभावांत शेत पुरेना म्हणून ते बायको-मुलांना घेऊन कोळशाच्या पट्ट्यात गेले आणि छताला लाकडी टेकू लावायचं काम शिकले. तिकडे खाणीला बाई म्हणतात. तेलुगूत बाई म्हणजे विहीर. अण्णाही घरात तोच शब्द वापरायचे. पुढे आपण हैदराबादेत गौलीगुड्याला राहायला आलो तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला विचारलं होतं, तुमच्या यजमानांनी आधीचं काम का सोडलं? तू मध्येच तोंड घातलंस, "अण्णांनी बाई सोडली." काकू नंतर कितीतरी दिवस आईकडे कीव आल्यासारख्या बघायच्या. ही गोष्ट सांगताना तुला हसू आवरायचं नाही. खाणीबद्दल तू हसत सांगितलेली तेवढीच एक.

बाकीची अशी. एके दिवशी छत बसलं. अण्णा आणि त्यांचा जोडीदार कोमुरय्या एकाच जागी टेकू लावत होते. अण्णा आपल्या पायांनी बाहेर आले. कोमुरय्याला नंतर काढलं तेव्हा तो गेलेला होता. अण्णांनी खाण सोडली, आपल्याला घेऊन हैदराबादला आले, विजेच्या मोटारी गुंडाळायचं दुकान टाकलं आणि मरेपर्यंत त्या दिवसाबद्दल एकच वाक्य बोलले. "मी पुढे होतो, तो मागे होता."

त्या एका वाक्यावर आपण दोघं भाऊ आयुष्यभर भांडलो. तू म्हणायचास, पुढे म्हणजे दाराकडे. छत कुरकुरलं, अण्णा पळाले, जोडीदार मागे राहिला. मी म्हणायचो, खाणीत काम पुढे सरकतं ते आत, कोळशाच्या भिंतीकडे. अण्णा पुढे होते म्हणजे जास्त धोक्यात होते आणि नशिबानं वाचले. माझ्याकडे पुरावा म्हणून आईनं सांगितलेली नखं होती. त्या दिवशी घरी आलेल्या अण्णांच्या दोन्ही हातांची नखं फाटलेली होती. नखं उकरणाऱ्याची फाटतात, पळणाऱ्याची नाही, असं मी म्हणायचो. तुझं उत्तर ठरलेलं असायचं. "अंधारात भिंत चाचपत पळून बघ एकदा."

आणि तुझ्याकडे कोमुरय्याची बायको होती. मी तेव्हा आईच्या कडेवर, मला त्यातलं काही आठवायचा प्रश्नच नाही. तू पाहिलं होतंस. ती आपल्या क्वार्टरच्या दारात येऊन उभी राहिली. रडत नव्हती. अण्णा मागच्या खोलीत होते आणि ते बाहेर आले नाहीत. आई काही बोलेना. शेवटी तूच तिला पाण्याचा तांब्या नेऊन दिलास, ती उभ्यानंच प्यायली आणि गेली. ही हकिगत सांगताना तुझा आवाज इतका कोरडा व्हायचा की माझी नखं मला मुठीत लपवावीशी वाटायची.

बसमध्ये तू खिडकीशी बसलास आणि नदी ओलांडेपर्यंत बाहेर बघत राहिलास. खाणीच्या तोंडाशी मोठं अंगण केलेलं होतं, रंगवलेली फाटकं, फोटो काढायला कोळसा खोदणाऱ्या माणसाचा पुतळा. फोन, काडेपेट्या, लायटर सगळं जमा करून घेतलं. हेल्मेट दिलं, त्यावर दिवा, कमरेला बॅटरी. गाइड स्वरूपा नावाची तिशीची बाई होती. तिनं आधी सगळ्यांना दम दिला की दोर सोडायचा नाही आणि साखळीच्या पलीकडे पाय टाकायचा नाही.

उताराचा बोगदा होता, मधून रूळ, बाजूनं पायऱ्या कापलेल्या. मागे वळून पाहिलं की तोंडाचा उजेड आधी दरवाजाएवढा, मग खिडकीएवढा, मग हातातल्या बशीएवढा दिसत गेला आणि एका वळणाला गेला. खाली आश्चर्य असं की भिंती पांढऱ्या. कोळशाची धूळ पेट घेऊ नये म्हणून सगळीकडे चुनखडीची पूड मारलेली. तू बोटानं ती पुसलीस आणि खालचा काळा कोळसा पाहत राहिलास. वर छताला ओळीनं टेकू. एका टेकूला तू हात लावलास, तसाच ठेवलास. मी मुद्दाम लांब उभा राहिलो.

मग तू स्वरूपाला विचारलंस. आपल्या दुकानी हिंदीत, अगदी सहज, जणू वेळ घालवायला. "इधर आगे बोले तो किधर?"

ती थबकली. "अंकल, जाते टाइम आगे बोले तो अंदर. आते टाइम आगे बोले तो बाहर."

गट हसला. प्राचीही हसली. तू आणि मी एकमेकांकडे पाहिलं नाही.

त्यानंतर थोड्याच वेळात दिवे गेले आणि तू माझं मनगट धरलंस. तुझ्या सांगण्यानंतर माझ्याही ध्यानात आलं. आत शिरल्यापासून कानांत एक घरघर होती, इतकी सतत की ती आहे हे विसरलो होतो, ती थांबली होती. आता कुठेतरी पाणी ठिबकताना ऐकू येत होतं. हेल्मेटवरचे दिवे लागले, त्यातले काही अगदी पिवळे. स्वरूपाचा चेहरा माझ्या उजेडात आला. ती घाबरलेली नव्हती, पण हसतही नव्हती. "अंदरू पैकि पदंडि," ती म्हणाली. सगळे वर चला. मग हिंदीत, "पंखा बंद है. रुकना नहीं. धक्का नहीं देना."

धक्का नको म्हटलं की पहिला धक्का तेव्हाच बसतो. मागच्यांनी पुढच्यांना रेटलं, कुणाचं तरी मूल किंचाळलं, दिव्यांचे झोत छतावर, भिंतीवर, तोंडांवर फिरायला लागले. त्यात त्या बाई पडल्या. मलकपेठच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या नसीम आपा. बसमध्ये आपल्या पुढच्या बाकावर होत्या, सोबत भाची. त्यांचा पाय रुळात अडकून मुरगळला, हेल्मेट आपटलं, दिवा फुटला. भाची कधीच गर्दीबरोबर वर गेली होती. आपण दोघांनी त्यांना उठवायला पाहिलं तर त्यांनी पाऊल टेकताच ओठ चावला आणि पुन्हा खाली बसल्या. त्या चढावर त्यांना खांद्यावर घेऊन जाणं आपल्या वयाला शक्य नव्हतं.

स्वरूपाला गट सोडता येईना. वर जाऊन माणसं मोजल्याशिवाय तिला खाली यायची परवानगी नव्हती. स्ट्रेचर घेऊन माणसं पाठवते, तोवर कुणीतरी ह्यांच्याजवळ थांबा, असं ती म्हणाली.

"मी थांबतो," मी म्हणालो.

"तू पोरीला घेऊन वर जा."

"दादा, तुझ्या छातीत स्टेंट आहे. इथली हवा कमी होत जाणार."

"म्हणूनच. ह्या गर्दीत मला चढता येणार नाही. मागून सावकाश येतो."

"मग आपण दोघं थांबू."

"आणि प्राची?"

ती माझ्या दंडाला धरून उभी होती आणि तिचे दात वाजत होते. तरी मी हललो नाही. तेव्हा तू अगदी जवळ आलास. तुझ्या दिव्याचा झोत माझ्या डोळ्यांत गेला, मला तुझा चेहरा दिसेना. तू म्हणालास, "मी वर जाऊन काय करू, रम्या? अण्णांसारखा मागच्या खोलीत बसू?"

मी प्राचीला घेऊन निघालो.

वर लख्ख ऊन होतं. पुतळ्यापाशी दुसऱ्या बसची माणसं फोटो काढत होती, त्यांना काहीच माहीत नव्हतं. स्वरूपानं डोकी मोजली आणि धावत ऑफिसकडे गेली. जनरेटरवर दोन माणसं वाकली होती, तो चालू होऊन लगेच बंद पडायचा. स्ट्रेचर कुलपात होतं, किल्ली कुणाकडे तरी होती, तो जेवायला गेला होता. नसीम आपांची भाची जमिनीवर बसून रडत होती. प्राची बोगद्याच्या तोंडाशी गेली. एका माणसानं तिला हटकलं तर ती मुकाट्यानं दोन पावलं मागे आली आणि तिथेच उभी राहिली. आतून वारा यायचा थांबला होता. खाली उतरताना त्या तोंडातून येणारी दमट हवा अंगावर जाणवली होती, आता तिथे हात धरला तर काहीच लागत नव्हतं. मी तो हात बराच वेळ तसाच धरून ठेवला.

शेवटी किल्ली आली, माणसं गेली. आणि मग कितीतरी वेळानं दिवे हलताना दिसले. आधी स्वरूपा, मग स्ट्रेचर, आणि मागे तू. एक हात स्ट्रेचरच्या दांडीवर. तुझे तळवे, गुडघे, शर्टाची एक बाही पांढऱ्या पुडीनं माखली होती. प्राची तुला बिलगली. तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास, तिचे केस पांढरे झाले. माझ्याकडे पाहिलंस आणि लगेच नजर दुसरीकडे नेलीस. मला वाटलं, थकलास.

परतीच्या बसमध्ये लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. तू म्हणालास, "बस करा. कशाला ते." इतक्या रागानं म्हणालास की टाळ्या तिथेच थांबल्या. वाटेत जेवायला थांबलो तेव्हा तू उतरला नाहीस. नसीम आपांनी पायाला पट्टी बांधलेल्या अवस्थेत आपल्या डब्यातला खजूर तुझ्याकडे पाठवला, तो मात्र तू घेतलास.

त्यानंतरचे दिवस तू बदललेला होतास. दुकान बंद करून तुला काही वर्षं झाली होती, तरी तू पुन्हा जुन्या मोटारी घरी आणून उकलायला लागलास. मी आलो की मला स्टुलावर बसवायचास आणि म्हणायचास, वाच काहीतरी. लहानपणीसारखंच. मी मराठी शिकवणारा मास्तर झालो तो तुझ्यामुळे. शाळा सोडून तू अण्णांच्या गादीवर बसलास, तांब्याची तार गुंडाळत राहिलास आणि मला समोर बसवून मोठ्यानं धडे वाचायला लावलेस. मान वर न करता म्हणायचास, "अनुस्वार खाल्लास." स्वतःची शाळा गेली ह्याचं तू कधी बोलला नाहीस. मीही कधी विचारलं नाही. आपल्याकडे असं काही बोलायची पद्धतच नव्हती. सगळं बोलणं आपण त्या एका वाक्यावरच्या भांडणात काढून टाकलं.

आणि मग तो दिवस. तू एक मोटार पुढ्यात घेऊन बसला होतास. हातातला पान्हा खाली ठेवलास आणि म्हणालास, "रम्या, अण्णा सोडूनच आले होते."

"हे तू आयुष्यभर म्हणत आलास."

"हौ. पण आता मला त्यांचा राग येत नाही."

मला तुझ्या रागाची सवय होती, ह्याची नव्हती. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "माफ कुणाला करतोस, दादा? ज्यानं काही केलंच नाही त्याला? तू माफ केलंस म्हणजे त्यांनी गुन्हा केला हे मला कबूल करावं लागतं. त्यापेक्षा तुझा राग बरा होता."

"तू तिथे नव्हतास."

"तूही नव्हतास. छत बसलं तेव्हा तू आईजवळ होतास."

तू काहीतरी बोलणार होतास. ओठ उघडलेस, हातावरची ग्रीसची रेघ अंगठ्यानं पुसत राहिलास. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. तू म्हणालास, "चहा घे." मी घेतला. त्यानंतर आपण भेटत राहिलो, पण हा विषय तू काढला नाहीस आणि मीही काढला नाही. मला वाटलं, वेळ आहे.

तुझ्या तेराव्याला माणसं पुष्कळ जमली. गौलीगुड्याचे जुने दुकानदार, उदगीरचे चुलतभाऊ, प्राचीच्या ऑफिसातली मुलं. खाणीची गोष्ट प्राचीच सगळ्यांना सांगत होती. बाबा एकटे थांबले, अंधारात, अनोळखी बाईसाठी, छातीत स्टेंट असताना. ती हे सांगताना तिचा आवाज हलत नव्हता. तू गेल्यापासून ती रडलेली नव्हती. वहिनीला त्याची काळजी वाटत होती. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊजी, ही पोरगी आतल्या आत फुटेल. मी शेजारी बसते, तर उठून जाते."

त्याच आठवड्यात नसीम आपा आल्या. हातात काठी. भाचीनं खाली रिक्षातून उतरवून दिलं, जिना त्या एकट्याच चढल्या. वहिनीचे हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या. प्राचीनं पुन्हा ती गोष्ट काढली, "आंटी, बाबा आपके लिए रुके थे ना," आणि आपा मान खाली घालून हौ म्हणाल्या. मग वहिनी आत गेली, प्राचीला फोन आला, आणि आपा माझ्याकडे वळल्या.

"आपके भाई आपसे कुछ बोले क्या? नीचे का?"

"नाही," मी म्हणालो. "काय बोलायचं होतं?"

त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "वो बोले थे, मेरे भाई को आप नक्को बोलो, मैं खुद बोलूंगा. अब वो बोले नै, तो मेरे पास रखके मैं क्या करूं."

मग त्यांनी सांगितलं. मी ते त्यांच्याच शब्दांत ठेवतो, कारण मला त्यात काही बदलायची हिंमत नाही.

"आप लोगां गए, उसके बाद थोड़ा टाइम वो बैठे. फिर बोले, आपा, मैं जरा आगे देख के आता. मैं बोली हौ. मेरी बत्ती तो टूट गई थी. वो गए तो उनकी बत्ती भी गई. मैं आवाज दी, भाई साब. जवाब नै आया. फिर दी. फिर मैं समझ गई कि वो गए. मेरे को गुस्सा नै आया, मैं सच बोल रई. मैं सोची, मैं भी चल सकती तो चले जाती. जो दुआ याद थी वो पढ़ने लगी. कितनी देर, वो मालूम नै. फिर दूर से एक बत्ती दिखी. हिलती हुई आ रई थी. उतार पे गिरे भी शायद, आवाज आई. आके मेरे बाजू में बैठे, सांस फूल गई थी. बोले, आपा, मैं चला गया था. ऊपर का उजाला दिख गया था मेरे को. उधर से वापस आया."

मी विचारलं, "तुम्ही काही म्हणालात?"

"मैं क्या बोलूं. मैं बोली, बैठो. फिर वो अपने वालिद का किस्सा सुनाए. पूरा. रोए भी." त्यांनी पदर सारखा केला. "आप लोगां उनको जो समझ रए, वो गलत नै है. पर पूरा भी नै है. इसलिए बोली मैं."

त्यांना खाली रिक्षापर्यंत पोचवून मी लगेच वर आलो नाही. समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसलो आणि तुझ्याशी बोलायला लागलो. दुकानदार बघत होता, बघू दे.

म्हणजे चहा आला त्या दिवशी तू हेच सांगणार होतास. अण्णांना माफ करायचं निमित्त होतं, तुला स्वतःविषयी बोलायचं होतं, आणि मी तुला अण्णांचा वकील होऊन गप्प केलं. तू वळणापर्यंत गेलास. बशीएवढा उजेड तुला दिसला. स्टेंट होता, हवा कमी होती, वर तुझी मुलगी होती, कुणीही तुला बोल लावला नसता. तिथून तू परत त्या काळोखात उतरलास, पडलास, हातपाय पांढरे करून घेतलेस. आणि वर आल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तुला त्या सोसल्या नाहीत. तुझ्या हिशेबात तू पळालेला माणूस होतास.

आपण दोघं किती मूर्ख, दादा. इतकी वर्षं आपण अण्णांना दोनच वाटा दिल्या. पळाले किंवा थांबले. माणूस पळून जातो, उजेड बघतो आणि मागे फिरतो, हे आपल्या दोघांच्याही डोक्यात कधी आलं नाही. तू फिरलास तेव्हा आपा जिथे होत्या तिथेच बसलेल्या होत्या. अण्णा फिरले असतील तेव्हा तिथे छत खाली आलेलं असेल. मग ते काय करणार? हातांनी उकरणार. आणि कोमुरय्याची बायको दारात आली तर तिला काय सांगणार, मी गेलो होतो पण परत आलो? असं कुणाला सांगता येतं? तुला मला सांगता आलं नाही, तुझ्या सख्ख्या भावाला.

हे असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. कुणालाच माहीत नाही, आता तर सांगणारं कुणी उरलंही नाही. पण भांडण असं अर्धवट ठेवून मला जमणार नाही, म्हणून तडजोड करू. पुढे म्हणजे दाराकडे, हे मी कबूल करतो. नखांचं तू कबूल कर.

मी वर आलो तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात होती. प्राची तुझ्या खाटेवर पाय जवळ घेऊन बसली होती, फोन बाजूला उलटा पडलेला. माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, नसीम आंटी काय म्हणत होत्या? तुमचा चेहरा असा का झालाय?"

सांगावं की नाही, मला ठरवता येईना. गेले काही दिवस ही मुलगी त्या एका गोष्टीवर उभी होती. तिचा बाप न घाबरणारा होता, एवढंच धरून ती चालत होती. ती काढून घेतली तर ती कशाला धरेल? पण तू स्वतः सांगणार होतास. मला सांगणार होतास म्हणजे कधीतरी तिलाही सांगितलं असतंस, असं मी ठरवलं आणि तिच्याजवळ बसलो. तिला मराठी नीट वाचता येत नाही, पण हळू बोललं की सगळं कळतं. मी हळू सांगितलं. तू आपांना सोडून गेलास ते सांगितलं. उजेड दिसला ते सांगितलं. परत आलास ते सांगितलं.

तिनं तुझी उशी जवळ ओढली. मग म्हणाली, "म्हणजे बाबांना पण भीती वाटली होती."

"खूप," मी म्हणालो.

"मला वाटलं मीच घाबरले. मी त्यांना तिथे सोडून वर आले, काका. मी मागे बघितलं पण नाही." आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. तुझ्या उशीवर डोकं टेकून ती रडायला लागली, इतकी मोठ्यानं की वहिनी धावत बाहेर आली, दारातच थांबली आणि मला खुणेनं म्हणाली, राहू दे.

मी प्राचीच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो. वहिनी दोनदा जेवायला बोलावून गेली. मी उठलो नाही.